आंघोळ नंतर, आधी फणी: पोमेरेनियन आणि पर्शियनच्या केसांची निगा

तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. घरात दोन वर्षांचा पोमेरेनियन आणि चार वर्षांची पर्शियन मांजर. कुत्र्याला दर रविवारी आंघोळ घालता, रोज ब्रश फिरवता, तरी कानामागे आणि काखेत गाठी होतातच. सलूनवाल्यांचं म्हणणं, उन्हाळ्याआधी मशीन मारून पूर्ण केस काढून टाकू. मांजर तर ब्रश बघितला की पलंगाखाली. तर कधी काय करायचं आणि केस काढायचे की नाही?

केस काढू नका. बाकीचं सविस्तर सांगते. ग्रूमिंगचं काम मी बरीच वर्षं करते आहे, त्यातली बहुतेक जनावरांच्या डॉक्टरांच्या दवाखान्याला लागूनच असलेल्या खोलीत गेली. त्यामुळे नुसतं दिसायला छान करून पाठवण्यापेक्षा केसांखाली काय चाललंय ते बघायची सवय लागली आहे.

पोमेरेनियनला केसांचे दोन थर असतात. वर लांब, जाड, सरळ केस आणि त्यांच्या मुळाशी दाट, मऊ लव. कुत्र्यांच्या त्वचेत एकाच छिद्रातून एक जाड केस आणि त्याच्याभोवती बारीक केसांचा झुपका निघतो. ही लव ठरावीक काळाने मरते आणि सुटते. लॅब्राडॉरमध्ये ती सोफ्यावर आणि जेवणाच्या ताटात येऊन पडते. पोमेरेनियनमध्ये मात्र ती वरच्या लांब केसांत अडकून बसते. मग जिथे घासलं जातं तिथे, म्हणजे पट्ट्याखाली, हार्नेसच्या पट्टीखाली, कान खाजवताना कानामागे, मांड्यांच्या मागे, तिचा पीळ बसतो. त्यावर पाणी पडलं की केस फुगतात, सुकताना आवळतात आणि गाठीचा नमदा होतो. दर रविवारी तुम्ही हेच करताय. आंघोळीने गाठ सुटत नाही, पक्की होते.

आणि रोजचा ब्रश? तुमचा ब्रश मऊ दातांचा असणार, असा माझा अंदाज. तो वरच्या थरावरून फिरतो, केस चमकतात, कुत्राही खूश, आणि आतली लव जागच्या जागी. माझ्याकडे येणाऱ्या गाठाळलेल्या कुत्र्यांपैकी बहुतेकांचे मालक मनापासून सांगतात की आम्ही रोज ब्रश करतो. ते खोटं बोलत नसतात. ब्रश कातडीपर्यंत पोचत नसतो, एवढंच.

त्यासाठी दोन गोष्टी हव्यात. एक स्लिकर ब्रश, बारीक वाकड्या तारांचा, पण तारांच्या मागे गादी मऊ असलेला. दुसरी स्टीलची फणी, जिचे अर्धे दात विरळ आणि अर्धे दाट असतात. एवढ्यावर घर चालतं. केस ओढून काढणारी पात्याची अवजारं हल्ली फार खपतात. जाहिरातीत केसांचा ढीग दिसतो. त्या ढिगात मेलेल्या लवेबरोबर वरचे चांगले केसही तुटून आलेले असतात. लांब केसांच्या कुत्र्यावर ती वापरू नका.

आता पद्धत. कुत्र्याला घसरणार नाही अशा चटईवर कुशीवर झोपवा. मागच्या मांडीपासून सुरुवात करा, कारण चेहऱ्याजवळ हात नेला की तो आधीच बिथरतो. डाव्या हाताने केसांचा पडदा वर उचलून धरा, इतका की खाली कातडीची एक आडवी रेघ दिसली पाहिजे. त्या रेघेच्या लगतचे थोडेच केस खाली सोडा आणि स्लिकरने मुळापासून टोकाकडे हलक्या हाताने विंचरा. ब्रश कातडीवर दाबायचा नाही. दाबला तर तारांनी ओरखडे उठतात आणि दुसऱ्या दिवशी लाल चट्टे दिसतात. तेवढी ओळ झाली की बोटभर वर सरका, नवी रेघ, पुन्हा तेच. असं मांडीवरून कमरेकडे, कमरेवरून खांद्याकडे. एक बाजू झाली की फणी घ्या आणि कातडीपासून बाहेर ओढून बघा. अडली तर तिथे काम बाकी आहे. न अडता गेली तरच ती जागा झाली म्हणायची. सलूनमधून परत आल्यावरही हीच परीक्षा करा, वरून केस कितीही फुललेले दिसोत.

काखेत, जांघेत आणि कानामागे थेट फणीच लावा, तिथे स्लिकर टोचतो. आणि हार्नेस घरात आल्याबरोबर काढून टाका. काखेतल्या निम्म्या गाठी चोवीस तास घातलेल्या हार्नेसमुळे होतात. फिरायला नेताना मात्र हार्नेसच हवा, नुसता गळपट्टा नको. या जातीची श्वासनळी नाजूक असते, गळ्याला हिसका बसला की खोकला सुरू होतो. हेच सलूनच्या टेबलावरही लागू. विंचरताना त्याला गळ्याच्या फासाला बांधून ठेवत असतील तर नाही म्हणा.

गाठ सापडली तर कात्री उचलू नका. गाठ कातडीला ओढून धरते, त्यामुळे कातडीची घडी गाठीच्या आत शिरलेली असते आणि ती दिसत नाही. टाके घालायला दवाखान्यात आलेल्या अशा जखमा मी पुष्कळ पाहिल्यात, त्यातल्या मांजरींच्या जास्त, कारण मांजरीची कातडी सैल आणि पातळ असते. गाठ छोटी असेल तर तिच्या मुळाशी केस चिमटीत घट्ट धरा, म्हणजे ओढ कातडीला न लागता तुमच्या बोटांवर येईल. थोडा डिटँगलर स्प्रे, म्हणजे गुंता सोडवणारा फवारा, मारा आणि गाठीच्या टोकाकडून फणीच्या एका कोपऱ्याने थोडं थोडं मोकळं करत मुळाकडे या. पाच मिनिटांत सुटली नाही तर सोडून द्या आणि मशीनने काढून घ्या. केस वाचवण्यासाठी जनावराला रडवण्यात अर्थ नाही. केस पुन्हा येतात, पण तुमच्या हातातल्या फणीची बसलेली भीती सहजी जात नाही.

इथून उन्हाळ्याच्या मुद्द्यावर येते. कुत्रा माणसासारखा अंगभर घाम गाळून थंड होत नाही. त्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या गादीतून आणि तोही जेमतेम. खरी उष्णता तो धापा टाकून बाहेर टाकतो. अंगावरचे केस उन्हापासून आडोसा करतात. उकडतं ते मेलेली लव आत दाटल्यामुळे, कारण कातडीपर्यंत हवाच पोचत नाही. ती लव विंचरून काढली की बराच फरक पडतो. मशीन मारली तर आडोसाही जातो आणि गोऱ्या कातडीला ऊन लागतं ते वेगळंच.

पोमेरेनियनच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. पूडलचे केस सतत वाढत राहतात, कापले की पुन्हा वाढतात. पोमेरेनियन, हस्की, समॉयेड यांचे केस एका लांबीपर्यंत वाढून दीर्घ काळ विश्रांतीत राहतात. त्या अवस्थेत मुळापासून मशीन मारली तर काही कुत्र्यांचे केस सहा महिने, वर्षभर, कधी त्याहूनही जास्त काळ येत नाहीत. आले तरी ठिगळांसारखे येतात, किंवा नुसती लव येते आणि वरचे केस मागेच राहतात. सगळ्यांना होतं असं नाही, पण कोणाला होईल हे आधी सांगता येत नाही. पोटाखालचे, पंजांमधले आणि शेपटीखालचे केस आखूड करायला हरकत नाही. बाकी कात्रीने आकार द्या, तोही फार आखूड नको. सगळं अंग गाठींनी भरलं असेल तर मशीनला पर्याय उरत नाही. तिथे मीही मशीनच घेते. आणि केस कापल्यावर वर्षभरात आले नाहीत, किंवा न कापताच दोन्ही कुशींवर सारखेच विरळ होऊ लागले, तर मामला सलूनचा नाही. थायरॉइड आणि इतर हार्मोन तपासून घ्यावे लागतात.

आता आंघोळ. तुमच्या कुत्र्याला चार ते सहा आठवड्यांतून एकदा पुरे. मध्ये पाय चिखलात भरले तर पायच धुवा. माणसांचा शाम्पू नको, लहान बाळांचाही नको. आपल्या त्वचेचा पीएच साधारण ५.५, म्हणजे आम्लाकडे झुकलेला. कुत्र्याचा ७ च्या आसपास. शिवाय त्याच्या वरच्या त्वचेत पेशींचे थर आपल्यापेक्षा बरेच कमी असतात, म्हणून ती लवकर कोरडी पडते. दर आठवड्याला शाम्पू, मग कोंडा, मग खाज, मग वास, मग पुन्हा शाम्पू, अशा चक्रात बरेच कुत्रे फिरत असतात. आंघोळीनंतर दोनच दिवसांत वास येत असेल तर कान, दात आणि शेपटीखालच्या ग्रंथी बघायला हव्यात. वासाचं मूळ बहुधा तिथे किंवा कातडीच्या संसर्गात असतं. शाम्पूने ते झाकलं जातं, जात नाही.

आंघोळीआधी पूर्ण विंचरून घ्या, फणी सगळीकडून मोकळी जाईपर्यंत. पाणी कोमट, हाताच्या कोपराला गरम न लागणारं. शाम्पू पाण्यात कालवून घेतला तर पसरायला सोपा जातो, पण उरलेला कालवलेला शाम्पू पुढच्या वेळेसाठी बाटलीत ठेवू नका. याकडे फार कमी लोक लक्ष देतात. पाण्यात कालवून ठेवलेल्या शाम्पूत स्यूडोमोनास नावाचे जिवाणू मजेत वाढतात. आंघोळीच्या वेळी केसांच्या उलट दिशेने जोरात चोळलं तर ते केसांच्या मुळात शिरतात आणि एक-दोन दिवसांत पाठीवर अतिशय दुखरे फोड येतात, ताप येतो, कुत्रा पाठीला हात लावू देत नाही. मालकांना वाटतं मणका दुखतोय. आंघोळीनंतर असं काही झालं तर डॉक्टरांना आंघोळ कधी घातली ते आवर्जून सांगा, निदान त्यावरच ठरतं. म्हणून शाम्पू केसांच्या दिशेनेच चोळायचा. औषधी शाम्पू दिला असेल तर तो अंगावर साधारण दहा मिनिटं राहू द्यायचा असतो. लगेच धुतला तर पैसे पाण्यात.

धुताना पाणी स्वच्छ येऊ लागल्यावरही आणखी तेवढाच वेळ धुवा. मग टॉवेलने दाबून पाणी टिपा, घासू नका, घासलं की गाठी. ड्रायर मंद आणि जवळजवळ थंड, दुसऱ्या हातात स्लिकर, आणि मुळाशी ओल राहणार नाही याची खात्री करा. एवढी दाट लव वरून कोरडी वाटते आणि आत तासन्‌तास दमट राहते. त्या दमटपणात एखादा ओला, चिघळलेला चट्टा एका रात्रीत तळहाताएवढा होतो. पिंजऱ्यात बंद करून गरम हवा सोडायची पद्धत मला मुळीच मान्य नाही. लक्ष हटलं की कुत्र्याला उष्माघात होतो, आणि बसक्या नाकाच्या जनावरांना तर फारच लवकर.

पर्शियनकडे येऊ. मांजर स्वतःला चाटून साफ ठेवते, हे खरं. तिच्या जिभेवरच्या काट्यांची टोकं पोकळ असतात आणि त्यांतून लाळ थेट केसांच्या मुळाशी पोचते, हे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मोजून दाखवलं गेलं. हे काटे असतात सुमारे २.३ मिलिमीटर लांब. आखूड केसांच्या मांजरीला तेवढे पुरतात. पर्शियनचे केस दाबले गेले तरी त्यांचा थर त्याहून जाड राहतो, म्हणून जीभ कातडीपर्यंत जातच नाही. तुमची मांजर आळशी नाही. माणसांनी निवडून वाढवलेला केसांचा कोट तिला एकटीला सांभाळता येत नाही. तिला रोज विंचरावं लागतं, त्याला इलाज नाही.

पलंगाखालून ओढून काढू नका. फणी आठवडाभर नुसती तिच्या बसायच्या जागेजवळ पडू दे. मग गालांवर आणि हनुवटीखाली दोन-चार वेळा फिरवा. तिथे मांजरींना खाजवून घ्यायला आवडतं. लगेच खाऊ द्या आणि थांबा, तिला अजून हवंसं वाटत असतानाच. एका वेळी मिनिटभर पुरे, दिवसातून दोनदा केलंत तर उत्तम. पुढच्या दिवसांत मान, पाठ, कुशी. पोट आणि काखा सगळ्यात शेवटी. शेपटीचं टोक आपटू लागलं, पाठीची कातडी लहरली किंवा कान मागे वळले की हात काढून घ्या. ही चिन्हं पाळलीत तर चावायची वेळ तिच्यावर येत नाही. पोटाखाली आधीच गाठींचा पत्रा झाला असेल तर तो घरी काढायच्या फंदात पडू नका. डॉक्टरांकडे थोडी गुंगी देऊन मशीनने काढून घ्या आणि कोऱ्या पाटीवर सुरुवात करा.

पर्शियनच्या चपट्या चेहऱ्यामुळे डोळ्यांचं पाणी नाकाच्या घडीत साचतं. कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापसाने रोज पुसा, प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस, आणि पुसल्यावर घडी कोरडी करा. आंघोळ तिला केस तेलकट झाले तरच. शेपटीखालचे केस आखूड ठेवलेत तर निम्मे प्रश्न मिटतात.

दोन गोष्टी मांजरीच्या बाबतीत लगेच डॉक्टरकडे नेण्याजोग्या आहेत. आतापर्यंत नीटनेटकी असलेली मांजर अचानक अवतारात फिरू लागली, कमरेवर केस चिकटू लागले, तर तिला वाकताना दुखत असेल, दात दुखत असतील, वजन वाढलं असेल किंवा पोटात काहीतरी बिघडलं असेल. उलट, चाटून चाटून पोट टक्कल पडल्यासारखं झालं तर पिसवा, अ‍ॅलर्जी, कधी मूत्राशयाचं दुखणं. त्याला नुसता स्वभाव समजू नका.

पिसवांची तपासणी सोपी आहे. फणीत आलेली काळी पूड ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. तपकिरी-लाल डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. पिसू दिसायलाच हवी असं नाही, आणि अंगावरच्या पिसवा हा त्यांच्या घरातल्या संख्येचा लहानसा भाग असतो. अंडी, अळ्या आणि कोष बिछान्यात नि गालिच्यात असतात. म्हणून औषध दोघांनाही आणि बिछाना गरम पाण्यात. पण इथे एक धोका नीट वाचा. कुत्र्यांच्या मानेवर टाकायच्या काही औषधांत पर्मेथ्रिन असतं. ते मांजरीला विष आहे. थरथर सुटते, झटके येतात, मांजर दगावते. कुत्र्याचं औषध "थोडंसंच" मांजरीला कधीही लावू नका, आणि कुत्र्याला असं औषध लावलं तर ते पूर्ण सुकेपर्यंत दोघांना एकत्र झोपू देऊ नका. टी-ट्री तेलही दोघांच्या अंगाला लावायचं नाही, कोणी कितीही नैसर्गिक म्हणून सांगो. गोचीड दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ, सावकाश ओढा. चटके नाहीत, तेल नाही, पिळणं नाही.

गोल टक्कल, कडेला खपली आणि तुटके केस दिसले तर ती बुरशी असू शकते. पर्शियनमध्ये ती नेहमीची आणि माणसांनाही लागते. तेव्हा दोघांच्या फण्या वेगळ्या ठेवलेल्या बऱ्या.

नखं: कुत्र्याची तीन-चार आठवड्यांनी, मांजरीची दोन-तीन. काळ्या नखात आतली रक्तवाहिनी दिसत नाही, म्हणून पातळ चकत्या काढत जा. कापलेल्या तोंडाच्या मध्यभागी गडद ठिपका दिसला की थांबा. रक्त आलंच तर रक्त थांबवायची पावडर, ती नसेल तर कॉर्नफ्लोअर दाबून धरा. पायाच्या आतल्या बाजूचं वरचं नख जमिनीला घासत नाही, वळून कातडीत घुसतं, ते विसरू नका. कानात इअरबड घालू नका. कुत्र्याचा कान आत जाऊन काटकोनात वळतो आणि बडने मळ कोपऱ्यात ठासला जातो. आतून गुलाबी आणि बिनवासाचा कान असेल तर काहीच करायचं नाही. दात रोज घासले तर फायदा, कारण दातांवरचा थर दोन-तीन दिवसांत कडक व्हायला लागतो. माणसांची पेस्ट नको. काहींत झायलिटॉल नावाचा गोडी आणणारा पदार्थ असतो आणि तो कुत्र्याला घातक ठरतो. शेपटीखालच्या ग्रंथी दर वेळी पिळून घ्यायची गरज नाही. तो बूड घासत असेल तरच डॉक्टरांना दाखवा.

तर पोमेरेनियनचं आठवड्यातून तीन वेळा पद्धतशीर विंचरणं, लव सुटण्याच्या दिवसांत रोज; घरात दिवे रात्री उशिरापर्यंत असतील तर ते दिवस वर्षभर पसरतात, कारण केसांचं चक्र उजेडाच्या तासांवर चालतं. मांजरीचं रोज, पण थोडं. सलूनला पुढच्या वेळी जाताना हे चार शब्द सांगा: फणीने तपासून द्या, मशीन फक्त पोटाला आणि शेपटीखाली, गळ्याला फास नको, पिंजऱ्यातला ड्रायर नको. त्यांना ते जमत नसेल तर दुसरं सलून बघा.